मल्लिकार्जुन मन्सूरांची निगेटिव्ह आणि मिरजकर तिकटीजवळचं फोटो-फ्रेमचं दुकान

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं ते नाट्यगृह. आमच्या तीन पिढ्यांनी तिथं गाणं ऐकलं, नाटकं पाहिली. आसपासची माणसं रडत होती आणि मीही रडत होते. घरी पोचले तेव्हा रात्र बरीच झाली होती. तशीच स्टूल लावून माळ्यावर चढले आणि अप्पांची पत्र्याची पेटी खाली काढली.

अप्पा म्हणजे माझे वडील. नोकरी कारकुनाची, जीव गाण्यात आणि फोटोत. त्यांच्याकडे यशिका मॅट होता, दोन भिंगांचा. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. मैफिलीत हा कॅमेरा फार सोयीचा, असं ते म्हणायचे. त्याचं शटर भिंगातच असतं, आरसा खटकन वर उडत नाही, त्यामुळे आवाज जेमतेम होतो. आणि डोळ्याला कॅमेरा लावून कुणी आपल्यावर रोखून बसलंय असं गाणाऱ्याला वाटत नाही. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघायचे. रोल महाग, म्हणून एका मैफिलीला एकच रोल. बाराच्या बारा काढून झाले की कॅमेरा पिशवीत आणि अप्पा डोळे मिटून ऐकायला मोकळे.

त्या पेटीत एका पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं : ‘मल्लिकार्जुन. घरगुती बैठक. फेब्रु. ७९.’ मल्लिकार्जुन म्हणजे थोर ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूर.

मी पेठेत गाण्याचा क्लास घेते. घराणं जयपूर-अत्रौली, आणि ते कोल्हापुरात शिकवायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. मन्सूरांना आधी मंजीखाँची तालीम मिळाली आणि मंजीखाँ १९३७ साली गेल्यावर भुर्जीखाँची, म्हणजे दोन्ही गुरू खाँसाहेबांचे मुलगे. मी अवघड राग शिकवायला घेतला की आधी मन्सूरांचं ध्वनिमुद्रण लावते. मग त्यांचा एक धड फोटो क्लासच्या भिंतीवर असावा, तोही अप्पांनी काढलेला, एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी व्हायला वर्ष गेलं.

पहिली फेरी फसली. ते दुकान कुठलं हे सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथं दीड दिवसात काम झालं आणि फोटो हातात आला तेव्हा मला बोलताच येईना. कॉम्प्युटरवर कुठल्याशा एआयच्या ॲपमधून काढला होता. मन्सूर तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. फोटोतला माणूस चाळिशीचा दिसत होता. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा गायब. गालाचा खळगा भरून काढलेला. स्वर लावताना उघडलेल्या तोंडात एकसारखे पांढरे दात बसवलेले. मागच्या तानपुऱ्याला सहा खुंट्या! चार तारांच्या तानपुऱ्याला चार खुंट्या असतात, दोन समोर आणि एकेक बाजूला, हे आमच्याकडे पहिल्या महिन्याला आलेली पोरगीसुद्धा सांगेल. आणि सगळ्यावर कडी म्हणजे फोटो उलटा छापलेला. तबलजीचा उजवा हात डग्ग्यावर, डावा तबल्यावर. मी ते दाखवलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, क्लिअर तर आलाय ना?”

क्लिअर आला होता, पण त्यातला गाणारा निघून गेला होता. गाणाऱ्याच्या गळ्याची शीर म्हणजे डाग नव्हे की पुसून टाकावी. मन्सूरांचा दमसास ज्यांनी ऐकलाय, आवर्तन पुरं होऊन सम येईपर्यंत श्वास कुठं घेतला हेही कळू न देणारा, त्यांना ती शीर म्हणजे काय ते ठाऊक आहे. आयुष्यभराच्या रियाजाने घडवलेला गळा मुलायम करून मला कुणी देत असेल, तर मला तो नको.

नशिबाने निगेटिव्ह परत मिळाली. नंतर आठ-नऊ महिने ती कपाटातच पडून राहिली.

आता ज्या दुकानाबद्दल लिहायला बसले त्याच्याकडे येते. बिनखांबी गणपतीकडून मिरजकर तिकटीकडे चालत निघालात की एका बोळाच्या तोंडाशी ते आहे. पाटीवर ‘फोटो, फ्रेम, लॅमिनेशन’ एवढेच शब्द. दर्शनी भागात देवांच्या तसबिरी, लग्नाचे अल्बम, मयतांचे हार घातलेले फोटो. बाहेरून पाहून आत काय चालतं याचा पत्ता लागत नाही. मलाही लागला नव्हता, मी देव्हाऱ्यातल्या अंबाबाईच्या तसबिरीची काच बदलायला गेले होते. मालकांच्या टेबलावर लाइट-बॉक्स, म्हणजे निगेटिव्ह बघायची आतून उजेडाची पेटी, दिसला म्हणून सहज विचारलं.

मालक पन्नाशीचे. त्यांचे वडील जुन्या स्टुडिओत रिटचर होते. शिसपेन्सिलीला लांब टोक करून निगेटिव्हवरच्या सुरकुत्या भरणारे, कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवणारे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात असे हात घरोघर होते. बाबूरावांनी नाटकांचे पडदेही रंगवले आणि स्वतःचा सिनेमाचा कॅमेराही बनवला. ब्रश आणि भिंग इथं कधी वेगळ्या बिऱ्हाडात राहिलेच नाहीत. त्यामुळे मला वाटलं होतं, रिटचरचा मुलगा म्हणजे हाही गुळगुळीत करून देणार. झालं उलटंच.

निगेटिव्ह लाइट-बॉक्सवर ठेवून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग पहिला प्रश्न : “बाई, ह्ये ठेवलं कुठं हुतं?”

माळ्यावर, म्हटलं.

“तरीच. पावसाळ्यातनं चाळीस-पंचेचाळीस वर्सं गेलीत. बटर पेपर चिकटलाय, बगा.”

दुसरा प्रश्न ऐकून मी खुर्ची ओढून बसलेच. ते म्हणाले, “तबलजी डावखुरा हुता काय?”

म्हटलं, नाही.

“मग ही बाजू न्हाई. उलटी धरली पायजे.” त्यांनी निगेटिव्ह पालथी केली आणि कडेची कंपनीची बारीक अक्षरं दाखवली. ती सरळ वाचता आली की बाजू बरोबर. पण अक्षरांच्या आधी त्यांनी तबला-डग्गा पाहिला होता, आणि मला ते फार मोलाचं वाटलं. तबला येतो का विचारलं तर म्हणाले, भजनी मंडळात ठेका धरतो.

चिकटलेला कागद सोडवायचं काम जोखमीचं होतं आणि ते त्यांनी आधीच सांगितलं. ओढला तर वरचा जिलेटिनचा थर कागदाबरोबर निघून येणार, म्हणजे चेहराच निघून येणार. उपाय एकच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवत ठेवायचं आणि कागद आपणहून सुटायची वाट बघायची. “थर मऊ पडला की बोटसुद्धा लावायचं न्हाई. गेलं तर गेलं. तुम्ही हो म्हणत असाल तरच करतो.” त्याच पट्टीवरची दुसरी, हललेली निगेटिव्ह आधी भिजवून बघतो, असंही म्हणाले. मी हो म्हटलं आणि दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “सुटलं.” एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा डाग राहिलाय, पण तो मागच्या पडद्यावर आहे.

स्कॅन म्हणजे त्यांच्याकडे सपाट स्कॅनर नाही. उभ्या स्टँडला डिजिटल कॅमेरा उलटा टांगलेला, त्याला मॅक्रो लेन्स, खाली लाइट-बॉक्सवर निगेटिव्ह. तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेऊन नंतर जोडतात. एका निगेटिव्हचे दीडशे रुपये. मी पडद्यावर पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच कळलं की अप्पांना त्या रात्री उजेड किती कमी मिळाला होता. रोल ओर्वोचा एनपी २७, ४०० एएसएचा. घरातलाच दिवा, भिंग पूर्ण उघडं, शटर बहुधा सेकंदाच्या पंधराव्या भागाचं. दाणा मोठा आलाय. आणि मन्सूरांचा उजवा हात, जो स्वराबरोबर पुढे निघालाय, तो हललेला आहे. बोटं धुरकट.

मी विचारलं, हात थोडा स्थिर करता येईल का?

“कशाला? गातंय की माणूस.”

ही एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं त्यांनी मला विचारून केलं. धुळीचे ठिपके, बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, ओरखडे, हे एकेक हाताने काढलं. चेहऱ्यावर ओरखडा असला तर मला बोलवायचे, म्हणजे सुरकुती कुठली आणि ओरखडा कुठला हे दोघांनी मिळून ठरवायचं. डाव्या गालावरची एक रेघ ओरखडाच आहे असं ते म्हणत होते, मला सुरकुती वाटत होती. शेवटी पुढची निगेटिव्ह लावून बघितली. तिथंही रेघ होती, म्हणून ठेवली. डार्करूममध्ये हाताची सावली पाडून जो भाग उजळ-गडद करतात, तेच त्यांनी पडद्यावर केलं. पाठीमागची खिडकी थोडी दाबली, कपाळ थोडं उचललं. त्यापलीकडे काही नाही.

इथं थोडं विषय सोडून लिहिते, पण ते याच कामाचं आहे. अप्पांनी परदेशी मासिकांतली कात्रणं एका फाइलीत लावली होती. रद्दीतून आणायचे. त्यात दोन चित्रं होती जी मी लहानपणापासून पाहत आले. एक यूसुफ कार्शने १९५४ साली काढलेलं पाब्लो कासाल्सचं. जगातला मोठा चेलोवादक, आणि फोटोत चेहराच नाही! जुन्या मठातल्या रिकाम्या दगडी खोलीत तो पाठमोरा बसून वाजवतोय, वर एक खिडकी. दुसरं आर्नल्ड न्यूमनचं १९४६ सालचं, स्ट्राविन्स्कीचं. पियानोचं उघडलेलं काळं झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापून बसलंय आणि संगीतकार खाली एका कोपऱ्यात, हातावर डोकं टेकून. न्यूमनने मूळ निगेटिव्ह कापून कापून ती चौकट मिळवली. अप्पा म्हणायचे, झाकण बघ, कोमल स्वराच्या खुणेसारखं दिसतं. पाश्चात्त्य लिपीतली ती खूण मला तेव्हा माहीत नव्हती. पुढे पाहिली आणि अप्पांचं म्हणणं पटलं.

आपल्याकडेही असे डोळे आहेत. रघू राय यांनी काढलेले बिस्मिल्लाखाँ आणि भीमसेन पाहिले की कळतं, कलाकाराच्या घरात, रियाजात शिरल्याशिवाय असा फोटो निघत नाही. गौतम राजाध्यक्षांची प्रकाशयोजना मला आवडते, चेहऱ्यावर ते फार मायेने उजेड टाकत. पण ती रीत थांबून, बसून फोटो काढून घेणाऱ्या माणसाची. चालू गाण्यातला माणूस फोटोसाठी थांबत नाही, आणि मला भिंतीवर न थांबलेला माणूस हवा होता.

तर ही कात्रणांची फाइल मी दुकानात नेली. मालकांनी स्ट्राविन्स्कीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि मग आमच्या निगेटिव्हवर दोन पुठ्ठ्याचे काटकोन ठेवून सरकवत बसले. अप्पांच्या चौकटीत उजवीकडे श्रोत्यांपैकी कुणाचा तरी खांदा आलाय. तो काढायचा तर चौकोन मोडतो. ते म्हणाले, तानपुऱ्याची दांडी कडेला उभी ठेवून कापू या, ती भिंतीसारखी उभी राहील. पडद्यावर करून दाखवलं. सुरेखच दिसत होतं. तरी मी नको म्हटलं. अप्पांनी पाहिलं तसंच राहू दे, खांद्यासकट. तो खांदाही त्या रात्री ऐकत होता. मालकांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी वाद घातला नाही.

कागदाबद्दल. लग्नाच्या अल्बमचा चकचकीत कागद इथं चालणार नाही हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग मागवला, सुती लगद्याचा, ३०८ जीएसएमचा, मॅट. शाई पिगमेंटची. सोळा बाय सोळा इंचाच्या प्रिंटचे १,८५० रुपये घेतले. मला आधी महाग वाटले. प्रिंट हातात घेतल्यावर वाटले नाहीत. काळा रंग शाईसारखा सपाट दिसत नाही, त्याला खोली आहे, आणि दाणा कागदात असा मुरलाय की जात्यावरच्या पिठासारखा वाटतो. गळ्याच्या दोन्ही शिरा आहेत. तोंड अर्धं उघडं. खुंट्या चार. मी तिथंच मोजल्या.

फ्रेम साधी सागवानी, २,४०० रुपये. प्रिंट आणि काच यांच्यामध्ये बारीक पट्टी घालून जागा सोडलीय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटली की पुन्हा तेच बटर पेपरचं दुखणं. माउंट-बोर्ड आम्लविरहित घेतलाय, नाहीतर काही वर्षांनी कडेने पिवळट पट्टा उमटतो. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, पावसाची झड तिकडून येते आणि ओल धरते, हेही त्यांनीच बजावलं. मी साधी काच घेतली आणि इथं माझं चुकलं. क्लासमध्ये समोर ट्यूबलाइट आहे, ती बरोबर मन्सूरांच्या कपाळावर चमकते. चमक न मारणारी काच थोडी महाग पडते, पण घ्या.

आता तक्रारी. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि चौतीस दिवस लावले. मध्ये गणपती आले, मंडळांचे फ्लेक्स आणि देणगीदारांचे फोटो यांत दुकान बुडून गेलं, हे मान्य. पण मग आधीच तसं सांगावं. चार फेऱ्या झाल्या, फोन उचलला नाही. फ्रेमखालच्या पट्टीवर ‘मल्लीकार्जून’ असं ऱ्हस्व-दीर्घाचं वाटोळं करून छापलं होतं. दाखवल्यावर पैसे न घेता दुसरी पट्टी दिली, तरी एवढ्या नजरेच्या माणसाकडून ते व्हायला नको होतं. मागचे हूक हलके आहेत, मी घरी आणून बदलले. बिल मागितल्यावरच मिळतं. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत चारचाकी घेऊन जायचा विचारही करू नका, चालत जा.

एक गोष्ट आधी मला तक्रार वाटली होती, आता वाटत नाही. मन्सूरांच्या जोडीला याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांचाही फोटो हवा म्हणून मी मोबाइलवर उतरवून घेतलेलं एक चित्र नेलं. त्यांनी ते उघडून पाहिलं, ६४० बाय ४८०. म्हणाले, नीट छापायचं तर इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे हे दोन इंचांपेक्षा जरासं मोठं होईल, तुम्हाला बारा बाय अठरा पायजे. मग आणखी विचारलं, फोटो कुणी काढलाय? मला सांगता येईना. त्यांनी सांगितलं की प्रसिद्ध झालेल्या फोटोवर साठ वर्षं हक्क राहतो, काढणाऱ्याचा नाहीतर त्याच्या मालकाचा, विचारल्याशिवाय मी छापत नाही. मी थोडी रागावूनच बाहेर पडले. चार पैसे मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार मला नवा होता.

पण रस्त्यात विचार करत आले. केसरबाई लहानपणी या गावात अब्दुल करीमखाँकडे काही महिने शिकल्या, पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. आणि आम्ही त्यांचा फोटो लावायचा तर कुणी काढला हेही न विचारता, अंगठ्याएवढ्या चित्रातून ओढून ताणून. बाईंना ते खपलं नसतं. आपलं गाणं कुठं आणि कसं मुद्रित व्हावं याबद्दल त्या किती काटेकोर होत्या हे जुन्या ऐकणाऱ्यांना माहीत आहे. आता गायन समाज देवल क्लबात कुणा जुन्या माणसाला विचारून एखादी मूळ प्रिंट आणि तिचा मालक सापडतो का ते बघणार आहे. १८८३ पासूनची संस्था, तिथं नाही तर कुठं विचारायचं?

ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांच्यासाठी एवढं सांगते. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका, कागदाच्या पाकिटात आणि पुठ्ठ्यात न्या. चिकटलेलं काही स्वतः सोडवू नका. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. सणासुदीच्या आधी काम देऊ नका, दिवाळीनंतर द्या. आणि काम देताना स्पष्ट सांगा की चेहरा गुळगुळीत नको. इथं सांगावं लागत नाही, पण दुसरीकडे लागेल.

रोलवरच्या बारापैकी सात निगेटिव्ह वाचल्यात. त्यातली शेवटची अप्पांनी तानपुऱ्याच्या मागून काढलीय. बहुधा पाणी प्यायला उठले असतील आणि परतताना मागेच थांबले असतील. मन्सूर पाठमोरे, किंचित डावीकडे झुकलेले, मानेवर दिव्याचा उजेड, पुढे श्रोत्यांचे चेहरे धूसर. मी तिशीपासून मोठमोठ्या गायकांच्या मागे तानपुरा घेऊन बसत आलेय, आणि तिथून दिसते ती हीच पाठ. चेहऱ्याच्या आधी खांद्याला कळतं की आता षड्जावर यायचंय. ही निगेटिव्ह मी चुकीची म्हणून बाजूला ठेवली होती. मालकांनी ती उचलली, कासाल्सचं कात्रण शेजारी ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

ती बारा बाय बारामध्ये छापायला दिलीय. या वेळी चमक न मारणारी काच सांगितलीय, आणि पट्टीवरचं नाव मी स्वतः लिहून दिलंय. वायदा पंधरा दिवसांचा आहे, मी महिना धरून चाललेय.